आई पडली त्याला आठ महिने झाले, पण ती अजून घरातच आहे

वाळवण
११ जानेवारी, रात्री १०:२०

आई ७६ वर्षांची. सातारला शनिवार पेठेत एकटी राहते, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी पुण्यात, धाकटी बहीण टोरांटोला. गेल्या मे महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास आई बाथरूमला जायला उठली आणि पॅसेजमध्येच पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली शेजारच्या वहिनींनी पाहिली म्हणून कळलं. म्हणजे साडेतीन तास ती फरशीवर पडून होती. मोबाईल पलंगाशेजारी चार्जिंगला, तिच्यापासून दहा पावलांवर.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, खुब्यात बॉल बसवला, लगेच वॉकर धरून उभंही केलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की अशा वयात हाडापेक्षा अंथरुणाची भीती जास्त. माणूस झोपून राहिला की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. ते सगळं टळलं. ऑगस्टमध्ये वॉकर सुटून काठी आली. दिवाळीच्या चकल्या तिने ओट्याशी उभं राहून स्वतः तळल्या.

अडचण पुढेच आहे. घरातल्या घरात ती नीट हिंडते, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. सत्तरीपर्यंत टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जाणारी, येताना भाजी घेऊन येणारी बाई. तिचं भजनी मंडळ सुटलं, भिशी सुटली. विचारलं की "बघू पुढच्या आठवड्यात." तो आठवडा आठ महिने आलेला नाही.

आम्ही करायचं ते सगळं केलं. बाथरूमला स्टीलचे दांडे, कमोड, चकचकीत टाईल्सवर मॅट, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा, ब्युरोची बाई बारा तासांची, हॉलमध्ये कॅमेरा. तिच्या मनातली पडण्याची भीती कशी घालवायची, हे कुणी सांगेल का?

घाटवाट
११ जानेवारी, रात्री ११:०५

आमच्या सासूबाईंचं अगदी असंच झालं, म्हणून लिहिते. पहिले दोन महिने आम्ही सगळे "थांबा, मी देते" करत होतो. पाणी हातात, ताट हातात, चपला पायाशी. त्यांचं हाड जुळलं आणि सवय मोडली. तुमची ब्युरोची बाई दिवसभर काय करते ते एकदा बघा. ती आईंचा चहा करत असेल तर ते बंद करा. लादी तिने पुसावी, चहा आईंनी करावा. बाईंना हे पटवणं सोपं नाही, कारण त्यांना वाटतं काम कमी दिसलं तर काढून टाकतील. आमच्याकडे दोन बाया याच कारणाने बदलल्या.

दूरचा_मुलगा
१२ जानेवारी, सकाळी ६:४०

न्यू जर्सीहून लिहितोय. कॅमेऱ्याचा अनुभव सांगतो. मी नाशिकच्या घरी दोन बसवले. आठवडाभराने एका कॅमेऱ्यात नुसतं हिरवं दिसायला लागलं. वाटलं बिघडला. बाबांना फोन केला तर म्हणाले, "पंचा वाळत घातलाय." दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर कॅलेंडर लागलं. संदेश पोचला.

मग पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ पाठवलं. चांगलं आहे, पण ते अंघोळीला काढून ठेवतात आणि रात्री चार्जिंगला. म्हणजे पडण्याच्या दोन्ही मुख्य वेळा सोडून बाकी दिवसभर ते घड्याळ इमानदारीने पहारा देतं.

उठबस
१२ जानेवारी, दुपारी २:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं हेच काम करतेय. वाळवण, तुमच्या पहिल्या परिच्छेदातल्या एका गोष्टीवर सगळेच पुढे सरकले. आई बाथरूममध्ये पडल्याच नाहीत. पॅसेजमध्ये पडल्या, पलंगावरून उठल्या उठल्या. तरी दांडे बाथरूममध्ये लागले. आपल्याकडे पडण्याचा आळ नेहमी टाईलवर येतो.

झोपेतून उठून उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर ते लगेच सावरतं, म्हातारपणी वेळ लागतो. आडवं असताना एकदा बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगाच. गंमत अशी की दवाखान्यात बीपी नेहमी खुर्चीत बसवून मोजतात, त्यामुळे ही घसरण वर्षानुवर्षं कुणाला दिसतच नाही. मागे कारणं असतात: बीपीच्या गोळ्या, झोपेची गोळी, पुरुषांमध्ये प्रोस्टेटची गोळी, सर्दीवर हातासरशी घेतलेली गोळी, आणि पाणी कमी पिणं. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू असलेली मी पाहिली आहे. मात्र मनाने काही बंद करू नका.

दुसरं, पायातली ताकद. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहा वेळा जमायला हवं, पुरुषाला अकरा. त्याहून कमी असेल तर पडण्याचा धोका जास्त धरतात. चाचणी तीच आणि व्यायामही तोच. शिवाय ओटा धरून टाचा वर उचलणं, एका पायावर उभं राहणं, भिंतीलगत एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. "आम्ही रोज चालतो की" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही.

आणि काठी कोणत्या हातात धरतात आई?

वाळवण
१२ जानेवारी, रात्री ९:१५

डाव्या हातात. दुखरा पाय डावा ना.

उठबस
१२ जानेवारी, रात्री ९:३२

वाटलंच. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, म्हणजे त्यांच्या उजव्या. डावा पाय पुढे पडेल तेव्हा काठीही पुढे पडेल. ताठ उभं राहून हात सोडला की काठीची मूठ मनगटाशी यायला हवी. बहुतेकांच्या काठ्या उंच असतात, कारण आजोबांची काठी आजीला येते. खालचं रबरी बूच झिजलं असेल तर बदला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

तीळपापडी
१३ जानेवारी, सकाळी १०:००

उद्या संक्रांत. हळदीकुंकवाच्या निमित्ताने काढा की घराबाहेर! एकदा चार बायकांत गेल्या की पाय आपोआप चालतील.

वाळवण
१३ जानेवारी, सकाळी ११:१०

बाबा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. शेजारच्या वहिनी चांगल्या आहेत, तिळगूळ घरी आणून देतात. पण देतात दाराशी.

तीळपापडी
१३ जानेवारी, सकाळी ११:२५

माफ करा. विचार न करता लिहिलं.

घाटवाट
१३ जानेवारी, दुपारी १:००

माफी कशाला, हे बोलायलाच हवं. पंचाहत्तरीच्या बायकांत निम्म्याहून अधिक विधवा असतील आणि आपल्या पेठांतलं सगळं येणंजाणं सवाष्णींच्या वाटेने चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही आलं. आमच्या सोसायटीत आता नुसता 'तिळगूळ' म्हणतात आणि सगळ्यांना बोलावतात. पहिल्या वर्षी तीन जणी रुसल्या, दुसऱ्या वर्षी त्याच ताट सजवायला पुढे.

अण्णा७८
१३ जानेवारी, सायंकाळी ५:४५

धागा दोनदा वाचला. मी ७८ वर्षांचा, पोस्टातून निवृत्त, डोंबिवलीत राहतो. म्हणजे ज्यांच्याविषयी येथे चर्चा चालू आहे त्याच जमातीचा. आतापर्यंत दांडे आले, घड्याळे आली, कॅमेरे आले. वाळवणताई, एक विचारतो, राग मानू नका. बाहेर का जात नाही हे आईंना विचारलेत का? 'भीती वाटते' हे त्या म्हणाल्या, की तुम्ही ठरवलेत?

मी २०१९ साली स्टेशनच्या जिन्यावर पडलो. काही मोडले नाही. पण त्यानंतर सहा महिने घरातले प्रत्येक माणूस मला 'जपून' म्हणत असे. जपून उठा, जपून बसा, जपून खोका. शेवटी सूनबाईंना म्हटले, एवढे जपायचे असेल तर दोन डांबराच्या गोळ्या घालून मला ट्रंकेत ठेवा.

मी ज्येष्ठ नागरिक संघात जातो. आमच्या संघाची ख्याती अशी की मधुमेहावर व्याख्यान झाले की लगेच जिलबी असते. व्याख्यात्यांनाही देतात. निवडणुकीत आम्ही तरुणांपेक्षा वाईट भांडतो. पण सलग दोन दिवस कट्ट्यावर दिसलो नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी येऊन बेल वाजवतो. आपल्या आईंचे साडेतीन तास वाचून मला तेच आठवले.

खवचट_खान
१३ जानेवारी, सायंकाळी ६:१०

अण्णा, दंडवत. डांबरगोळी वाचून चहा सांडला. (जपून पीत नव्हतो.)

वाळवण
१५ जानेवारी, रात्री ११:४०

काल सातारला गेले होते. अण्णांचा प्रतिसाद वाचल्यापासून पोटात गोळा आला होता, कारण खरंच विचारलं नव्हतं. मी 'ये ना बाहेर' म्हणायचे, ती 'बघू' म्हणायची, आणि फोनवर बहिणीला मी सांगायचे की आई घाबरली आहे.

रात्री जेवण झाल्यावर ब्युरोची बाई गेली तेव्हा विचारलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पडायची कसली भीती. एकदा पडून झालं. पण घाई झाली तर मी कुठे जाऊ?"

तिला लघवी थांबवता येत नाही. लागली म्हणजे लगेच जावंच लागतं. ऑपरेशनच्या आधीपासून आहे, दोन वर्षं तरी. पूर्वी पटकन कुणाच्याही घरात शिरून जाता यायचं. आता पायांना तो वेग नाही. भजनी मंडळ जिथे भरतं तिथे खाली बसायचा संडास आहे आणि बॉल बसवल्यापासून तिला उकिडवं बसायला मनाई आहे. एकदा मंडळातच थोडं ओलं झालं. कुणाला कळलं नाही, पण तिला कळलं. म्हणून जाणं बंद.

पुढचं ऐका. रात्री उठायला लागू नये म्हणून ती दुपारी चारनंतर पाणीच पीत नाही. दोन वर्षांपासून. मी उठबस यांच्या सांगण्याप्रमाणे बीपी मोजलं. आडवी १४२, उभी राहिल्यावर एका मिनिटाने ११६. गोळ्यांची पिशवी ओतली तर बीपीची एक गोळी लघवी वाढवणारी निघाली आणि ती आई रात्रीच्या जेवणानंतर घेते. का, तर "सकाळी विसरते म्हणून."

लघवी वाढवायची गोळी रात्री, पाणी बंद, पहाटे तीनला घाईने उठणं. आणि आम्ही मॅट बदलत होतो.

ती मला म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगितलं असतं. तुम्हा मुलींना काय सांगायचं असलं."

घाटवाट
१६ जानेवारी, सकाळी ७:३०

वाचून सासूबाईंच्या खोलीत गेले आणि विचारलं. हो म्हणाल्या. नऊ वर्षं एका घरात राहतोय आम्ही.

उठबस
१६ जानेवारी, दुपारी ३:००

वाळवण, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडे गुडघ्यासाठी येणाऱ्या बायका चौथ्या-पाचव्या भेटीत, दार लावून घेतल्यावर, हे सांगतात. 'वयाचंच आहे' म्हणून सोडून देतात आणि ते खरं नाही. पुष्कळ सुधारतं.

आधी लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या, संसर्ग असेल तर त्यावर उपचार होतो. लघवी वाढवणारी गोळी सहसा सकाळीच देतात. तुमच्या आईंची वेळ त्यांच्या डॉक्टरांना विचारून बदला. पाणी बंद करू नका, दिवसभर प्या आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. पाणी फारच कमी प्यायलं की लघवी कडक होते आणि घाई उलट वाढते. संध्याकाळचा दुसरा चहा सोडता आला तर बघा. (सातारकर बाईला हे सांगायला धीर लागतो, कल्पना आहे.)

मग व्यायाम. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, जमेल तसे पाच-दहा सेकंद धरायचे, सोडायचे. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास धरायचा नाही. खऱ्या लघवीच्या वेळी मध्येच धार तोडून हा व्यायाम करू नये, ते चुकीचं सांगितलं जातं. सोबत घड्याळ लावून जाणं: समजा आता तासाभरात घाई होते, तर तासाला ठरवून जायचं, मग सव्वा तास, दीड तास, असं हळूहळू वाढवायचं. घाई आली की पळायचं नाही. थांबायचं, खुर्चीची पाठ धरायची, स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे, लाट ओसरली की चालत जायचं. पळतानाच माणसं पडतात.

आणि पॅड वापरण्यात कमीपणा काही नाही. मेडिकलमध्ये काळ्या पिशवीत बांधून देतात, ती पिशवी आधी फेकून द्या.

अजून एक. 'पडल्यावर काय' हे शिकवा. खुब्यात किंवा पाठीत कळ असेल तर उठायचा प्रयत्न करायचाच नाही, फोन करायचा, म्हणजे फोन अंगावर हवा. दोरी लावून गळ्यात किंवा परकराला खिसा शिवून. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर उठायचं, चार पायांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, एक पाऊल पुढे टेकवून खुर्चीला धरून उठायचं. आईंचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हे फिजिओ समोर असतानाच शिकावं. पडून उठता येतं हे एकदा अंगाला कळलं की चाल बदलते.

वाटीभर_वरण
१६ जानेवारी, रात्री ८:५०

आई रात्री काय जेवते ते लिहिलं नाहीत, पण मी सांगू? मऊ भात, ताक, झालंच तर चटणी. बरोबर?

पायात ताकद यायची तर व्यायामाबरोबर प्रथिनं लागतात. म्हातारपणी दर किलो वजनामागे रोज एक ते १.२ ग्रॅम धरतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. आपल्या पातळ आमटीच्या वाटीत डाळ किती, ते आमटीलाच माहीत. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. भात-ताकाने हा हिशेब कधीच जुळत नाही. वरण घट्ट करा, ज्वारीच्या भाकरीबरोबर पिठलं द्या, शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने, दही ताकाऐवजी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि मऊ भातच का, तेही बघा. आमच्या मावशीची कवळी सैल झाली होती. दोन वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त भाकरी सोडली, मग शेंगदाणे, मग उसळी. सगळे म्हणायचे, वयाने भूक मेली. कवळी नवी केली आणि बाई पहिल्या आठवड्यात ऊस मागत होती.

शाकाहारी असतील तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या, तळवे बधिर, ही त्याचीच लक्षणं असू शकतात आणि बधिर पावलांना जमीन नीट कळत नाही.

खवचट_खान
१६ जानेवारी, रात्री ९:२०

म्हणजे पाणी सांगत नाहीत, कवळी सांगत नाहीत, लघवी सांगत नाहीत. आणि आपण धागे काढतो 'ज्येष्ठांशी संवाद'. माझ्या वडिलांना ऐकू येत नाही हे मला कसं कळलं? ते प्रत्येक वाक्यावर हसायला लागले. वाटलं, निवृत्तीनंतर स्वभाव सुधारला.

कानाचं यंत्र घेतलं आणि चार दिवसांत कपाटात गेलं. "भांडी आदळल्यासारखं ऐकू येतं" म्हणाले. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, रोज थोडा थोडा वेळ लावायचं. आता लावतात. स्वभाव पूर्ववत झाला आहे.

दूरचा_मुलगा
१७ जानेवारी, पहाटे ५:१०

अवांतर, पण उपयोगाचं. सत्तरीवरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं रुग्णालयाचं संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं, आधारवर कार्ड निघतं. एकाच घरात दोघे पात्र असतील तर रक्कम दोघांत मिळून. आजारपणात धावपळ करण्यापेक्षा आधी काढून ठेवा आणि जवळचं कोणतं रुग्णालय त्यात बसतं तेही विचारून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. रात्री काही झालं तर १०८ किंवा ११२ च.

अण्णा७८
१७ जानेवारी, सकाळी ९:००

वाळवणताई, आपण विचारलेत आणि ते येथे सांगितलेत, याला धैर्य लागते. आईंना माझा नमस्कार सांगा. घाईचा त्रास पुरुषांनाही असतो. आमच्या कट्ट्यावर आठ जणांपैकी पाच जण बाक निवडताना आधी शौचालय किती लांब आहे ते पाहतात. सहलीची बस ठरवताना पहिला प्रश्न ड्रायव्हर किती वेळा थांबेल हा असतो, ठिकाण नंतर. आम्ही यावर विनोद करतो म्हणून आम्हाला बाहेर पडता येते. बायकांना तेवढीही मोकळीक नाही.

साडेतीन तासांवर एक साधा उपाय. आम्ही चौघे एकटे राहणारे आहोत, आम्ही साखळी केली आहे. सकाळी सातला मी एकाला मिस्ड कॉल देतो, तो पुढच्याला, शेवटचा मला. सव्वासातपर्यंत साखळी पूर्ण झाली नाही तर ज्याच्याकडे किल्ली आहे तो जातो. दोन वर्षांत एकदाच जावे लागले. गृहस्थ झोपून राहिले होते. त्यांना शिव्या दिल्या, चहा त्यांच्याकडेच घेतला.

कोकणपाऊल
१७ जानेवारी, दुपारी १२:२०

गावाकडे उलटं आहे. माणसं भरपूर बघायला येतात, पण फिजिओ तालुक्याला, चाळीस किलोमीटरवर. आमची आजी ८४, अंगण सारवते, मांडी घालून बसते, जमिनीवरून हात न टेकता उठते. मला पस्तिसाव्या वर्षी जमत नाही. पण मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनला तयार नाही. पायरी दिसत नाही, अंदाजाने उतरते. मोतीबिंदू काढला की पडणं कमी होतं, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं तर म्हणाली, "मी पडलेच कुठे?" पडेपर्यंत थांबणार बहुतेक.

उठबस
१७ जानेवारी, दुपारी ४:१०

कोकणपाऊल, आजीला "पडशील" म्हणू नका. "तांदळातले खडे दिसतील" म्हणा.

वाळवण
२२ फेब्रुवारी, रात्री १०:००

थोडं कळवते. डॉक्टरांनी ती गोळी सकाळी केली, दुसरी एक कमी केली. लघवीत संसर्ग होता, त्याचं औषध झालं. उभं राहिल्यावर बीपी आता दहा-बाराच उतरतं. रात्री तीन वेळा उठायची, आता एकदा. खुर्चीतून उठबस सहावरून नऊवर आली आहे. दहा व्हायला तिला एक कमी पडतो आणि रोज संध्याकाळी मला फोन करून सांगते, "आज पण नऊच."

ब्युरोची बाई आता सकाळचे चारच तास येते. कॅमेरा काढला. बहीण चिडली, आठवडाभर बोलली नाही. मग तिला साखळीत घातलं. आई, शेजारच्या वहिनी आणि टोरांटो. आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे आदली रात्र, त्यामुळे तिला सोपंच आहे.

मी आणि आई एक दिवस बसून वाटेवरची घरं काढली, कुणाकडे कमोड आहे ती. तिला सगळं पाठ होतं. भजनी मंडळाच्या हॉलपर्यंत चार घरं निघाली, त्यातलं एक वीस वर्षं अबोला असलेलं. "त्यांच्याकडे नाही जाणार, फुटले तरी चालेल," म्हणाली. हॉलमध्ये मी एक कमोडची खुर्ची नेऊन ठेवली, कुणाचं नाव न घेता. पहिल्याच गुरुवारी ती तिघींनी वापरली.

अण्णा७८
२३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

तिघींनी! त्या तिघींपैकी कोणीही आजवर काही बोलली नसेल. खुर्ची ठेवल्याबद्दल आपले अभिनंदन. अबोल्याच्या घराविषयी आईंशी सहमत.

आणि त्यांना पंचाहत्तरी पूर्ण झालेली आहे, तर राज्याच्या हद्दीत एसटी त्यांना मोफत आहे, २०२२ पासून. आधार कार्ड जवळ ठेवावे. वयाचा पुरावा मागताना कंडक्टर आपल्याकडे पाहून "वाटत नाही हो" म्हणाला तर ते तिकिटाच्या वर.

वाळवण
९ एप्रिल, दुपारी ३:५०

तातडीचा प्रश्न. आई गेल्या आठवड्यात एसटीने वाईला मैत्रिणीकडे जाऊन आली, काठी उजव्या हातात, पॅड पर्समध्ये. कंडक्टरने आधार मागितलं म्हणून खूष. उठबस बारा झाली आहे. इथवर छान.

आज न सांगता सातारला आले तर आई स्वयंपाकघरात स्टुलावर उभी. माळ्यावरची लोणच्याची मोठी बरणी काढत होती, कैऱ्या आल्यात म्हणून. खाली उतरवलं. मी ओरडले. ती म्हणाली, "तूच म्हणालीस, सगळं स्वतः करत जा." आता दोघी दोन खोल्यांत बसलोय. काय करू?

घाटवाट
९ एप्रिल, दुपारी ४:०५

अरे देवा. आमच्याकडे हेच पापडाच्या डब्यावरून.

उठबस
९ एप्रिल, दुपारी ४:२०

बारा झाल्या म्हणून अभिनंदन. स्टुलाला परवानगी नाही. तोल चांगला असलेल्यांनाही नाही, मलाही नाही.

अण्णा७८
९ एप्रिल, दुपारी ४:३०

बरणी खालच्या कपाटात ठेवा. स्टूल पुण्याला घेऊन जा. आणि आईंना विचारा, लोणचे किती किलोचे घालणार, मला एक बाटली हवी आहे.